उंदीर बरा झाला, पण कशाने?

रक्तक्षयावरच्या पारंपरिक वनस्पतींची प्रयोगशाळेत परीक्षा घेणे हे माझे काम आहे, असे कळले की एक प्रश्न हमखास येतो: "अमुक काढ्याने उंदरांचे हिमोग्लोबिन वाढले म्हणतात, मग आम्ही तो घ्यायला काय हरकत आहे?" तुम्ही विचारलेत म्हणून सांगते; पण त्याआधी मला उलट विचारावे लागते, की त्या उंदराला रक्तक्षय झाला कसा?

बऱ्याच प्रयोगांत तो फेनिलहायड्रॅझिन टोचून घडवलेला असतो. या रसायनाने तांबड्या पेशींतील हिमोग्लोबिनचे ऑक्सिडीकरण होते, त्याच्या गुठळ्या पेशीच्या आवरणाला आतून चिकटतात आणि अशा बिघडलेल्या पेशी प्लीहा वेचून नष्ट करते. काही दिवसांतच हिमोग्लोबिन झपाट्याने उतरते. पद्धत स्वस्त आणि भरवशाची आहे; अडचण एवढीच, की रसायन थांबवताच उंदीर आपोआप सावरू लागतो. नष्ट झालेल्या पेशींतील बरेचसे लोह शरीरातच राहिलेले असते, अस्थिमज्जा जोमाने कामाला लागते, उंदरात तर प्लीहाही नव्या पेशी घडवते, आणि दोन-तीन आठवड्यांत, कोणतेही औषध न देता, आकडे जवळजवळ पूर्ववत होतात.

माझ्या पहिल्या प्रयोगात मी रक्त फक्त आरंभी आणि 21व्या दिवशी तपासले होते. काढा घेतलेल्या उंदरांचे आकडे पाहून झालेला आनंद, नुसते पाणी दिलेल्या आजारी उंदरांचे आकडे हाती येईपर्यंतच टिकला. तेव्हापासून मी मधल्या दिवसांतही रक्त घेते आणि रेटिक्युलोसाइट, म्हणजे नवजात तांबड्या पेशी, मोजते. वनस्पतीला काही श्रेय द्यायचे असेल, तर ते सावरण्याच्या वेगातील फरकावरूनच देता येते.

माणसांत मात्र रक्तक्षयाचे सर्वांत मोठे कारण लोहाची कमतरता हे आहे. ती उंदरात निर्माण करायची तर दूध सुटलेल्या पिलांना कित्येक आठवडे लोहरहित आहार द्यावा लागतो. पाणी शुद्ध केलेले हवे आणि पिंजऱ्याची गंजकी जाळीही चालत नाही, कारण पिले ती चाटतात. एवढे केले तरी लोह शोषायला मदत करणारे क जीवनसत्त्व उंदीर स्वतःच्या यकृतात तयार करतो, माणसाला ते येत नाही. आणि लोह अडवून धरणारे धान्यांतील फायटेट फोडणारे विकर (एन्झाइम) उंदराच्या आतड्यात आपल्यापेक्षा पुष्कळ अधिक असते. वनस्पतीतील जे लोह त्याला सहज मिळते, ते आपल्याला मिळेलच असे नाही. काढा टॅनिनयुक्त असला, तर तो अन्नातील लोहही अडवतो.

प्राण्यांवरून माणसावर येताना जाणकारांचीही फसगत झालेली आहे. अमेरिकी संशोधक व्हिपल यांनी रक्त काढून अशक्त केलेल्या कुत्र्यांना यकृत खाऊ घालून बरे केले. त्यावरून मायनॉट आणि मर्फी या डॉक्टरांनी पर्निशस ॲनिमिया या तेव्हा जीवघेण्या असलेल्या रक्तक्षयाच्या रुग्णांना यकृत दिले, तेही सुधारले, आणि 1934 साली तिघांना नोबेल मिळाले. पुढे उमगले, की कुत्र्यांना उपयोगी पडले होते ते मुख्यतः यकृतातील लोह, तर रुग्णांना ब-12 जीवनसत्त्व! गुण आला होता, कारण निराळे होते.

म्हणून काढ्याविषयी विचारणाऱ्याला मी आधी फेरिटिन, म्हणजे शरीरातील लोहाचा साठा दाखवणारे प्रथिन, तपासून घ्यायला आणि कुठे रक्तस्राव होत नाही ना, हे डॉक्टरांना विचारायला सांगते.