झेंडा माल्टाचा, पासपोर्ट भारताचा

सकाळी साडेदहाला बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या माझ्या वकिलीच्या ऑफिसात एक बाई आल्या, सोबत त्यांचा भाचा. मुलगी क्रूझ जहाजावर हाउसकीपिंगला. जहाज काल संध्याकाळी फुकेतहून सुटलं, रात्री तिने केबिनमध्ये गरोदरपणाची टेस्ट केली आणि दोन रेघा आल्या. गर्भपात कुठे करायचा याचं उत्तर भाच्याने आधीच शोधून ठेवलं होतं. "ताई, बारा मैलांपुढे कुणाचाच कायदा चालत नाही. जहाजावरच्या डॉक्टरने गोळ्या दिल्या की काम झालं. युरोपात तर जहाजावरच करतात."

त्याला थांबवून आधी मुलीशी बोलले. वय २६. अशिलाची जागा तिची, आईची नाही. जहाजाच्या वायफायवर व्हॉट्सअ‍ॅप कॉल लागला. शेवटच्या पाळीचा पहिला दिवस कोणता, जहाजाच्या मागच्या बाजूला नावाखाली कुठलं बंदर लिहिलंय, आत्ता जहाज कुठे आहे आणि पुढे कुठे थांबणार, एवढंच विचारलं. तिने केबिनमधल्या टीव्हीवरच्या नकाशाचा फोटो पाठवला: ६ अंश १० मिनिटं उत्तर, ९३ अंश ३० मिनिटं पूर्व. मागे लिहिलेलं बंदर व्हॅलेटा, म्हणजे झेंडा माल्टाचा. पुढचा थांबा दोन दिवसांनी कोलंबो, पाचव्या दिवशी मुंबई.

आईच्या हिशोबाने "दीड महिनाही नाही". ही चूक जवळजवळ प्रत्येक घरात होते. डॉक्टर आणि कायदा दोघेही गर्भधारणेपासून मोजत नाहीत, शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात, त्यामुळे घरच्या हिशोबात साधारण दोन आठवडे कमी पडतात. मुलीने दिलेल्या तारखेवरून तो ५४वा दिवस होता. आपल्याकडे गोळ्यांनी गर्भपाताची मर्यादा ९ आठवडे, म्हणजे ६३ दिवस. मुंबई ५९व्या दिवशी. चार दिवस हातात. आणि ६३ ओलांडले तरी आभाळ कोसळत नाही: गोळ्यांऐवजी डॉक्टरांना दुसरी पद्धत घ्यावी लागते, कायदा मात्र २० आठवड्यांपर्यंत एकाच डॉक्टरच्या मतावर परवानगी देतो. हे आईला दोनदा सांगावं लागलं, कारण घाईनेच माणसं नको त्या गोळ्या गिळतात.

आता बारा मैल. हा सागरी मैल, १,८५२ मीटरचा, म्हणजे बारा मैल साधारण २२ किलोमीटर. तिथे किनाऱ्याच्या देशाचं प्रादेशिक पाणी संपतं. कायदा संपत नाही. १९८२च्या सागरी कायदा कराराचं कलम ९२ सांगतं की खुल्या समुद्रात जहाजावर फक्त झेंड्याच्या देशाचा अधिकार. आणि माल्टाचा गर्भपातविषयक कायदा युरोपीय संघात सर्वांत कडक. तिथे स्वतःचा गर्भपात करणाऱ्या बाईला १८ महिने ते ३ वर्षं कैद. करणाऱ्या डॉक्टरला ४ वर्षांपर्यंत कैद आणि कायमची व्यवसायबंदी. २०२३ मध्ये बाईच्या जिवाला धोका असेल तेवढ्यापुरती सूट आली. म्हणजे भाचा जिला मोकळी जागा समजत होता, तिथे जहाजाचा डॉक्टर माल्टाच्या दंडसंहितेखाली उभा होता.

नकाशाचा फोटो नीट पाहिल्यावर भाचा पुन्हा सरसावला. जहाज निकोबारमधल्या इंदिरा पॉइंटच्या, म्हणजे भारताच्या दक्षिण टोकाच्या, नैर्ऋत्येला, चाळीसेक मैलांवर. "मग हे तर आपलंच पाणी!" आपलं खरं, पण अनन्य आर्थिक क्षेत्र. १९७६च्या सागरी क्षेत्र कायद्याने भारताची हद्द १२ मैल, लगतचं क्षेत्र २४, आर्थिक क्षेत्र २००. त्या २०० मैलांत मासे, तेल, संशोधन यांवर आपला हक्क. तिथून नुसत्या जाणाऱ्या परक्या जहाजावर आपला गर्भपात कायदा चढत नाही. बरं, जहाज १२ मैलांच्या आत असतं तरी? एमटीपी कायद्याचं, म्हणजे आपल्या गर्भपात कायद्याचं, कलम ४ जागा ठरवतं: सरकारी इस्पितळ किंवा मान्यता मिळालेलं केंद्र. जहाजाचा दवाखाना दोन्हींत बसत नाही. कलम ५ची सूट आहे, पण ती बाईचा जीव वाचवायला तातडीने गरज असेल तेव्हाचीच.

माल्टाबरोबर दुसरा कायदा तिच्या पासपोर्टातून येतो, आणि तो सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. भारतीय न्याय संहितेचं कलम १(५) भारतीय नागरिकाने परदेशात केलेल्या गुन्ह्यालाही लागू होतं. कलम ८८ गर्भपाताचं, आणि त्याच्या स्पष्टीकरणात स्वतःचा गर्भपात करणारी बाईही येते. या कलमापासून वाचवणारा एमटीपी कायदा मात्र फक्त भारतात, नोंदणीकृत डॉक्टर आणि मान्य जागा असेल तरच. असा खटला भारतात चालवायला केंद्र सरकारची पूर्वपरवानगी लागते. एवढ्यावर मुलीला घाबरवणं चूक ठरलं असतं; पण "काही होत नाही" असं लेखी मत मी दिलं नसतं.

"युरोपात जहाजावरच करतात" ही डच जहाजाची गोष्ट भाच्याने अर्धीच वाचली होती. डॉ. रेबेका गोम्पर्ट्स यांनी १९९९ मध्ये सुरू केलेल्या 'विमेन ऑन वेव्ज'चा सगळा डाव झेंड्यावरच उभा: डच जहाज, बंदरातून बायकांना घेऊन बारा मैलांबाहेर, तिथे डच कायदा. पण डच कायद्यालाही परवाना लागतो. २००१ मध्ये जहाज आयर्लंडला गेलं तेव्हा तो हातात नव्हता आणि तिथे एकही गर्भपात झाला नाही. २००४ मध्ये पोर्तुगालने जहाजाला आपल्या पाण्यात शिरूच दिलं नाही, वर युद्धनौका पाठवली. युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने फेब्रुवारी २००९ मध्ये पोर्तुगालला दोषी धरलं. मुद्दा गर्भपाताचा नव्हे, विचार मांडण्याच्या स्वातंत्र्याचा. तोवर पोर्तुगालमध्ये २००७च्या सार्वमतानंतर १० आठवड्यांपर्यंत गर्भपात कायदेशीर झालेलाही होता. म्हणजे झेंडा बरोबर असला तरी परवाना हवा, आणि बंदराने आत घ्यायला हवं.

मग उरली बंदरं. चुटपुट लागली ती फुकेतची: थायलंडमध्ये २०२१पासून १२ आठवड्यांपर्यंत बाईच्या मागणीवर गर्भपात होतो. टेस्ट एक दिवस आधी झाली असती तर प्रश्नच नव्हता. कोलंबोत १८८३च्या दंडसंहितेनुसार फक्त जीव वाचवण्यासाठी. सिंगापूरला जायचं तिच्या मनात आलं होतं, पण तिथे नागरिक नसलेल्या बाईला वर्क पास किंवा चार महिन्यांचं वास्तव्य लागतं.

सर्वांत नाजूक गोष्ट मुलीने शेवटी सांगितली: एका सहकारिणीकडे फुकेतहून आणलेल्या गोळ्या होत्या. जहाजाच्या औषधपेटीतही मिसोप्रोस्टॉल असू शकतं, बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावासाठी. इथे कायदा बाजूला ठेवून आमच्या ओळखीच्या स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंना फोनवर घेतलं. त्यांनी एकच विचारलं, सोनोग्राफी झाली का? गर्भ नळीत असेल तर या गोळ्यांनी तो जात नाही. नळी फुटू शकते, आणि समुद्रात ना रक्तपेढी ना शस्त्रक्रिया. गोळ्या घेतल्यावर सलग दोन तास, तासाला दोन मोठे पॅड भिजले तर इस्पितळ गाठायचं असतं. तिथे इस्पितळ दोन दिवसांवर. म्हणून गोळी नाही. एका बाजूला पोटात कळ, खांद्यात दुखणं, चक्कर, यांतलं काहीही झालं तर लगेच जहाजाच्या डॉक्टरकडे. जिवावर बेतलं तर कोलंबोतही कायदा आड येत नाही.

ईमेल कॅप्टनच्या नावे, प्रत मॅनिंग एजन्सीला, म्हणजे तिला जहाजावर नोकरीला लावणाऱ्या कंपनीला. चार ओळी: वैद्यकीय कारणामुळे मुंबईत साइन-ऑफ, म्हणजे जहाजावरच्या कामातून मोकळीक, हवा; २००६च्या नाविक कामगार करारानुसार परतपाठवणीची विनंती; तोवर जड काम नको; वैद्यकीय माहिती गोपनीय ठेवावी. गर्भपात हा शब्द कुठेही नाही, कारण त्याची नोंद माल्टाच्या जहाजाच्या कागदांत राहण्याची गरज नव्हती. कोलंबोतच उतरवा असं लिहायचा मोह झाला होता. पण परदेशी बंदरात उतरायचं म्हणजे एजंट, इमिग्रेशन, विमानाचं तिकीट, आणि वाचणार जेमतेम दोन दिवस. ६३मधले चार शिल्लक असताना ती धावपळ नको वाटली. संध्याकाळी सातला उत्तर आलं: मुंबई मंजूर, सीडीसी (खलाशाचं नोंदपुस्तक) आणि पासपोर्ट उतरताना गँगवेवर, म्हणजे जहाजाच्या शिडीपाशी, मिळतील.

आई निघताना विचारत होत्या, सही त्यांची लागेल की जावयाची. लग्न झालेलं नव्हतं, ठरलंही नव्हतं. जावई हा शब्द त्यांनी नुसता तोंडी ठेवला होता. सांगितलं की १८ वर्षांवरच्या बाईला संमतीच्या फॉर्म सीवर फक्त स्वतःची सही लागते. एमटीपी कायद्याच्या २०२१च्या दुरुस्तीने 'विवाहित स्त्री किंवा तिचा पती' जाऊन 'कोणतीही स्त्री किंवा तिचा जोडीदार' आलं, त्यामुळे गर्भनिरोधक फसलं हे कारण तिलाही चालतं. डॉक्टरने तिचं नाव बाहेर फोडलं तर कलम ५एखाली एक वर्षापर्यंत कैद.

५९व्या दिवशी ती मुंबईत उतरली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बडोद्यात होती. सोनोग्राफीआधी फॉर्म एफ, म्हणजे गर्भलिंग निदानबंदी कायद्याखालचा नोंदीचा फॉर्म, भरला. गर्भ गर्भाशयातच होता, आणि मोजमापाने ८ आठवडे १ दिवस. तारखेच्या हिशोबापेक्षा तीन दिवसांनी लहान.