कारल्याच्या वेलाचे तीन शेवट

नागपुरातील एका महाविद्यालयात मी मराठी शिकवते आणि लोकसाहित्याच्या अभ्यासपत्रिकेच्या निमित्ताने दरवर्षी विद्यार्थिनींना सोबत घेऊन भुलाबाईची गाणी ध्वनिमुद्रित करते. भाद्रपद पौर्णिमेला विदर्भातल्या घराघरांत भुलाबाई आणि भुलोजी, म्हणजे माहेरपणाला आलेली पार्वती आणि तिच्या मागोमाग आलेले शंकर, यांच्या मातीच्या मूर्ती मांडतात. तेव्हापासून कोजागरीपर्यंत रोज संध्याकाळी मुली टिपऱ्या घेऊन या घरून त्या घरी गाणी म्हणत फिरतात, असा रिवाज आहे. पश्चिम महाराष्ट्रात भोंडला किंवा हादगा म्हणून जो खेळ होतो त्यातली पुष्कळ गाणी आमच्याकडे भुलाबाईपुढे म्हटली जातात. गाव बदलले की त्यांतली एखादी ओळ बदलते, हे या कामात पडलेल्या कोणालाही लवकरच कळते. परंतु एकाच घरात, एकाच संध्याकाळी, एकाच गाण्याचे तीन अर्थ समोरासमोर बसून एकमेकांशी वाद घालताना मी पाहिले ते महाल भागातल्या एका जुन्या घरी, आणि त्या संध्याकाळचा वृत्तान्त मला सविस्तर लिहायचा आहे.

ते घर आमच्याच एका विद्यार्थिनीच्या ओळखीतले होते. समोरच्या खोलीत चौरंगावर चितारओळीतून, म्हणजे मूर्तिकारांच्या वस्तीतून, आणलेल्या मूर्ती होत्या आणि त्यांच्याभोवती ज्वारीच्या पाच धांड्यांचा मखर बांधला होता. धांडे इतके ताजे होते की पानांचा ओलसर वास खोलीभर होता. घरात आजी, त्यांच्या सूनबाई आणि पाचवीत शिकणारी नात, अशा तिघी आमच्यासाठी थांबल्या होत्या. आजी माहेरच्या काटोलकडच्या, संत्र्यांच्या पट्ट्यातल्या; सूनबाई अमरावतीच्या; नात मात्र जन्मल्यापासून नागपूरची. मी तिघींना एकेकटीने एकच गाणे म्हणायला सांगायचे ठरवले होते आणि त्यासाठी कारल्याच्या वेलाचे गाणे निवडले होते, कारण ते बहुतेक सगळ्यांना येते.

वाचकांपैकी पुष्कळांना ते ठाऊक असेल. सून माहेरी जायची परवानगी मागते आणि सासू म्हणते, 'कारल्याचा वेल लाव गं सुने, मग जा आपुल्या माहेरा.' वेल लावून झाला की त्याला फूल येऊ दे, मग कारले लागू दे, मग भाजी कर, असे एकेक काम पुढे येत जाते. वेल वाढतो तशी सुनेची वाटही लांबत जाते, आणि या गाण्याची सगळी रचना त्या ताटकळण्यावर उभी आहे. सासूची कामे संपली की 'मला काय पुसतेस' म्हणत ती सुनेला सासऱ्याकडे पाठवते, सासरा दिराकडे, दीर जावेकडे, आणि अशी सगळ्या घराची फेरी झाल्यावर गाणे नवऱ्यापाशी येते. शेवटचा शब्द त्याचा असतो. तो शब्द काय, हे मात्र गाण्यागणिक बदलते.

आधी नातीने म्हटले. तिने वेल, फूल, कारले, भाजी हा भाग अतिशय वेगात आणि हातवारे करत म्हटला, सासरा-दीर-जाऊ ही सारी माणसे गाळून टाकली आणि भाजी खाऊन झाल्यावर तीन टाळ्या वाजवून ती थांबली. माहेर हा शब्द प्रत्येक कडव्याला येऊनही तिच्या गाण्यात माहेराला जाणारे कोणी नव्हते. होता तो पायऱ्यापायऱ्यांनी वाढत जाणारा एक खेळ, आणि तो तिने फार गोड म्हटला. हे गाणे कशाबद्दल आहे असे माझ्या विद्यार्थिनीने विचारले तेव्हा ती म्हणाली, "झाड कसं वाढतं, त्याबद्दल."

मग सूनबाईंनी म्हटले. त्यांचे गाणे पूर्ण होते, माणसेही सगळी होती, आणि शेवटी नवरा म्हणत होता, 'आणा फणी, घाला वेणी, जाऊ द्या राणी माहेरा.' हा शेवट महाराष्ट्रभर ऐकू येतो. त्यात इतका वेळ ताणलेली दोरी एकदम सैल सोडल्यासारखे वाटते आणि गाणाऱ्या मुलींचे आवाज त्या ओळीला हमखास वर चढतात. सूनबाईंचाही चढला.

आजींनी मात्र त्याच चालीवर, परातीच्या कडेवर बोटे वाजवत, शेवटी म्हटले, 'घेतली काठी, हाणली पाठी, जा आपुल्या माहेरा.' हाही शेवट नवा नाही, जुन्या संग्रहांतून आणि तोंडातोंडांतून तो मिळतो. पण आजींच्या तोंडून तो निघताच सूनबाई अस्वस्थ झाल्या. "आई, ही ओळ पोरीसमोर नका म्हणू," असे त्या अगदी मऊ आवाजात म्हणाल्या आणि मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "मॅडम, हे तुम्ही मुद्रणातून काढून टाकाल ना? बाईला मारलेलं गाण्यात म्हणायचं आणि वर टिपऱ्या वाजवायच्या, हे मला पटत नाही."

त्यांचे म्हणणे मला पूर्णपणे समजत होते, आणि आजही त्यात काही गैर आहे असे मला वाटत नाही. ज्या गाण्यात वेडा नवरा बायकोने केलेल्या करंज्या होड्या समजून पाण्यात सोडतो, त्याचे शेवटचे कडवे आम्ही लहानपणी किती मोठ्याने हसत म्हणत होतो! पलंगावर झोपलेल्या बायकोला तो मेली समजून जाळून टाकतो, असे ते कडवे आहे. आता पुष्कळ घरांत ते गाळतात. ते गाळल्यावर गाणे एका भोळसट माणसाच्या फजितीचे होते. ते ठेवले तर न कळत्या वयात कोणाच्या तरी गळ्यात बांधून दिलेल्या मुलीची भीती त्यात ऐकू येते. एक कडवे जाते, बाकीचा शब्दन् शब्द तसाच राहतो, आणि तरीही गाणे दुसरेच होते. शब्द अपभ्रष्ट झाल्यामुळे लोकगीतांचा अर्थ बदलतो असे आपण समजतो. माझ्या अनुभवात त्याहून कितीतरी अधिक बदल गाळलेल्या कडव्यांनी आणि गाणारीच्या बदललेल्या आयुष्याने होतो.

आजी रागावल्या नाहीत. बोटे परातीवर तशीच ठेवून त्या म्हणाल्या, "काठीचं काय घेऊन बसली तू? माहेर भेटलं ना तिले!" आणि मग त्यांनी जे सांगितले ते ऐकताना माझ्या विद्यार्थिनींच्या लेखण्या थांबल्या. त्यांच्या लहानपणी मुली या ओळीला सर्वांत जास्त हसत. वेणीफणी करून पाठवलेली सून चार दिवसांत परत बोलावली जाई, कारण तिला मानाने पाठवलेले असे आणि मानानेच आणायचे असे. मारून हाकललेली सून मात्र सहा-सहा महिने माहेरी राही, तिची कोणी विचारपूस करत नसे. म्हणून त्या मुलींच्या कानाला काठीचा शेवट हा सुटकेचा होता, आणि फणीचा शेवट म्हणजे सासरच्यांनी चारचौघांत मिरवायचा देखावा. "वेणी घालून धाडली त गावाले दाखवाले," असे त्या अगदी सहज बोलून गेल्या.

म्हणजे सूनबाईंना जिथे मार ऐकू येत होता तिथे आजींना सुट्टी ऐकू येत होती, आणि सूनबाईंना जिथे प्रेम ऐकू येत होते तिथे आजींना दिखावा. ओळी मात्र दोघींच्या कानावर त्याच पडत होत्या. फणीचा शेवट हा काठीच्या शेवटाची नंतर केलेली सौम्य आवृत्ती असावी, असे अनुमान करणे सोपे आहे. पण आजींना दोन्ही शेवट त्यांच्या लहानपणापासून ठाऊक होते आणि सासरच्या अंगणात एक, माहेरच्या अंगणात दुसरा, असे त्या म्हणत आल्या होत्या. ओळ निवडण्याचा हक्क गाणारीचा होता, आणि तो तिने जागा पाहून वापरला.

हे बोलणे चालू असताना नात मध्येच म्हणाली, "पण आत्या तर टाळ्या वाजवते शेवटी." आजींनी चमकून तिच्याकडे पाहिले. त्या मुलीने गाणे आईकडून उचललेले नव्हते, दर कोजागरीला येणाऱ्या आपल्या आत्याकडून, म्हणजे आजींच्या मुलीकडून, उचलले होते. त्या तीन टाळ्या मला लहान मुलांच्या खेळातला अलंकार वाटल्या होत्या. आजींनी त्यांचा उगम सांगितला.

काटोलकडच्या त्यांच्या घरी त्यांची स्वतःची एक आत्या राहत असे. तिला नवऱ्याने खरोखरच मारून माहेरी पाठवले होते आणि पुन्हा कधीच बोलावले नव्हते. तिचे उरलेले सगळे आयुष्य भावाच्या घरी गेले. भुलाबाईपुढे ती रोज येऊन बसे. ती बसलेली असली की मुली शेवटची ओळ म्हणत नसत. 'जा आपुल्या माहेरा' हे शब्द तिच्यासमोर कोणाच्याही तोंडून निघत नसत, कारण तिच्यापुरते माहेर हे सुट्टीचे ठिकाण उरले नव्हते. त्या ओळीच्या जागी नुसत्या टिपऱ्या वाजत, ओळ जितकी लांब तितका वेळ, आणि मग पुढचे गाणे सुरू होई. पुढे आत्या गेली, तरी मुलींना तशीच सवय लागून राहिली. आजींनी आपल्या मुलीला गाणे शिकवले ते दोन्ही शेवटांसकट, पण मुलीच्या लक्षात राहिल्या त्या टिपऱ्या, कारण पोरांना आवाजच आवडतो. नागपुरात टिपऱ्या नव्हत्या तेव्हा त्यांच्या टाळ्या झाल्या. नातीच्या गाण्यातले झाडाचे वाढणे ज्या तीन टाळ्यांवर संपते, त्या मुळात एका बाईपुढे न म्हटलेल्या ओळीच्या होत्या.

याला आजींच्या आठवणीखेरीज दुसरा पुरावा माझ्याजवळ नाही. तरी मी नातीचे आणि आजींचे ध्वनिमुद्रण दुसऱ्या दिवशी महाविद्यालयात एकापुढे एक लावून ऐकले तेव्हा टाळ्यांच्या मधले अंतर काठीच्या ओळीतल्या 'काठी', 'पाठी' आणि 'माहेरा' या तीन आघातांवर बरोबर बसत होते. नातीने ती ओळ आयुष्यात पहिल्यांदा आदल्याच संध्याकाळी ऐकली होती. शब्द गेले होते, पण त्यांचे माप तिच्या हातांत राहिले होते.

गी पॉइटवाँ आणि हेमा राईरकर या अभ्यासकांनी खेडोपाडी फिरून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या, आणि आज त्यांतल्या पुष्कळ ओव्या म्हणणारीच्या आवाजात ऐकता येतात, हे आपल्या भाषेवरचे मोठे उपकार आहेत. त्या कामाकडे पाहिले की छापील पुस्तकात गाण्याचे काय निसटते हे लक्षात येते. जाते थांबून पिठाची गिरणी आली तेव्हा ओवीचे शब्द शाबूत राहिले, पण तिला श्वास देणारे काम गेले. भुलाबाईच्या गाण्यांचेही तेच. माहेरी जायला परवानगी लागत नसलेल्या, फोनवर आईशी रोज बोलणाऱ्या मुलीने कारल्याच्या वेलात वनस्पतिशास्त्र ऐकले तर तिने गाणे बिघडवले असे म्हणवत नाही. तिच्या घरात त्या ताटकळण्याचा अनुभव उरला नाही, ही मला तरी आनंदाचीच गोष्ट वाटते.

आणि अर्थ बदलणे म्हणजे नेहमी काहीतरी हरवणेच, असेही नाही. आमच्या याच शहरात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबती, म्हणजे पीडा घालवण्यासाठी मिरवणुकीने न्यायचे मोठे पुतळे, निघतात. काळ्या मारबतीची परंपरा १८८१ पासूनची मानली जाते आणि ती इंग्रजांशी हातमिळवणी केलेल्या, नागपूरच्या भोसले राजघराण्यातल्या बांकाबाई यांचे प्रतीक आहे, अशी लोकसमजूत आहे. मिरवणुकीतली आरोळी म्हणजे 'घेऊन जा गे मारबत' हे एक पालुपद आणि त्याच्या आधी येणारी पीडांची यादी. पालुपद जुनेच आहे. यादीत खोकला आणि रोगराई यांच्या शेजारी महागाई येते, भ्रष्टाचार येतो, करोनाही येऊन गेला. इतवारीच्या गर्दीत उभे राहून ओरडणाऱ्या पोराला बांकाबाई कोण हे ठाऊक असण्याची गरज नाही, त्याची स्वतःची पीडा त्याला ठाऊक असते. तिथे रिकामी जागा उघडपणे ठेवलेली आहे आणि दरवर्षी लोक ती भरतात. कारल्याच्या गाण्यातली रिकामी जागा कोणाच्या लक्षातही आली नव्हती, एवढाच फरक.

सूनबाईंनी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर मात्र मला त्याच संध्याकाळी द्यावे लागले. मी त्यांना सांगितले की काठीची ओळ मी काढणार नाही, पण ती म्हणताना त्यांनी घेतलेली हरकतही काढणार नाही. दोन्ही एकाच ध्वनिमुद्रणात सलग राहतील. त्या थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग त्यांनी विचारले, "आणि त्या आत्याबाईंचं?" तेही राहील, असे मी म्हटले, फक्त गावाचे आणि घराचे नाव राहणार नाही. आजींनी त्याला मान डोलावली. त्यानंतर नातीने स्टीलचा डबा आणून आमच्यापुढे वाजवला, कारण आतला खाऊ ओळखल्याशिवाय भुलाबाईच्या घरून कोणाला जाता येत नाही; माझ्या विद्यार्थिनींनी बऱ्याच पदार्थांची नावे घेतली आणि शेवटी डब्यातून शेंगदाण्याची चिक्की निघाली.

आमच्या नोंदवहीत आता त्या गाण्याला एकाच क्रमांकाखाली तीन नोंदी आहेत. तिसऱ्या नोंदीत शेवटच्या ओळीच्या जागी टाळ्यांच्या खुणा आहेत आणि समासात त्यामागची हकीकत आहे. विद्यार्थिनींच्या प्रश्नावलीत आम्ही एक प्रश्न वाढवला आहे: कोणासमोर हे गाणे म्हणत नसत, किंवा कोणती ओळ म्हणत नसत? पुढच्या भाद्रपदात काटोलकडच्या खेड्यांत जाऊन तिथल्या म्हाताऱ्या बायांकडून हे गाणे टिपऱ्यांवर पुन्हा ऐकायचे ठरले आहे. ती ओळ आणखी कुठे मुकी राहिली असेल तर ती एका घरापुरती होती की साऱ्या गावाने पाळली होती, हे तेव्हा विचारता येईल.