पोटात चोक असलेला दिवा

आमच्या कापडाच्या दुकानात पूर्वी चार फुटी ट्यूबलाइटच्या सहा पट्ट्या होत्या आणि त्यांतली एखादी तरी कायम आजारी असे. त्या आजारपणाला मात्र एक रीत होती. ट्यूब लुकलुकू लागली की आधी ट्यूब पेटवून देणारा स्टार्टर फिरवून पाहायचा, मग बदलायचा, मग ट्यूबची टोके काळी पडली आहेत का ते तपासायचे आणि सगळे ठीक निघाले तर शेवटी चोकवर आळ घ्यायचा. ट्यूबमधला वायू एकदा वीज वाहू लागला की प्रवाह आवरेनासा होतो. त्याला लगाम घालायचे काम हा तांब्याच्या तारेचा, लोखंडी गाभ्याचा ठोकळा अखंड गुणगुणत करी. एवढ्या तपासाला आमचा वायरमन शिडीवर तासभर काढत असे आणि त्यात त्याचे दोन चहा होत.

१९८० साली फिलिप्सने चोक आणि स्टार्टर दिव्यातच सामावून, साध्या बल्बच्या जागी बसेल असा दिवा बाजारात आणला. आत लोखंडच असल्यामुळे तो चांगलाच जड होता. १९८५ मध्ये ओसरामने त्या जागी इलेक्ट्रॉनिक सर्किट घातले आणि दिवा हलका झाला. लोखंडी चोकवरची ट्यूब आपल्या ५० हर्ट्‌झच्या विजेवर सेकंदाला १०० वेळा मंदावते. हे सर्किट वीस हजार हर्ट्‌झच्याही वर चालते, त्यामुळे ते लुकलुकणे डोळ्यांना जाणवत नाही आणि गुणगुणही ऐकू येत नाही. आमच्याकडे हा दिवा आला तो 'सीएफएल' (कॉम्पॅक्ट फ्लुरोसंट लॅम्प) या नावाने, आणि साठ वॉटच्या बल्बचे काम तो पंधरा वॉटमध्ये करू लागल्यावर वडिलांनी वीजबिल दोनदा वाचले. उशिरा समजणाऱ्याची ट्यूब आजही उशिराच पेटते. सीएफएलला मात्र भाषेत एवढीही जागा मिळाली नाही.

दाराशी बंद काचेच्या घुमटात उलटा टांगलेला सीएफएल वर्षभरात गेला, तेव्हा मी त्याचा प्लास्टिकचा कंठ स्क्रू ड्रायव्हरने उकलला. नळीत पारा असतो, म्हणून तिला धक्का लागू दिला नाही. आत रुपयाच्या नाण्याहून थोडी मोठी, सर्किटची गोल चकती होती आणि तिच्यावरचा, वीज साठवणारा कपॅसिटर डोक्याशी टम्म फुगला होता. उलट्या दिव्यात उष्णता वर चढते आणि वरच हे सर्किट बसलेले असते. नळी पांढरीशुभ्र, टोकेही स्वच्छ. तरी चांगला अवयव आणि बिघडलेला अवयव एकाच पिशवीत टाकावे लागले, हे माझ्यासारख्या दुकानदाराच्या मुलाला फार लागले.

नवा दिवा मी स्टुलावर चढून स्वतःच लावला. वायरमनला बोलवायचे काही कारण उरले नव्हते. पुढे दिवाळीच्या आधी तो पँटपीस घ्यायला आला, तेव्हा कापड चिमटीत धरूनही त्याची नजर सवयीने छताकडे गेली आणि सगळे दिवे लागलेले पाहून तो पुन्हा कापडाकडे वळला. चहा मी तरीही मागवला.