आमची वाटचाल : जिनिंगच्या शाफ्टपासून पेडल स्टील गिटारपर्यंत

आमचं वर्कशॉप हिंगणघाट तालुक्यात, नागपूर–हैदराबाद रस्त्यापासून आत. बाबांनी लेथ टाकला तो जिनिंगच्या भरवशावर. दिवाळीनंतर कापूस निघाला की जिनवाल्यांचे शाफ्ट, बुश, पुली येऊन पडतात आणि मार्चपर्यंत मान वर करायला फुरसत नसते. नंतरचे महिने वखराच्या पासा आणि तिफणीच्या दुरुस्तीवर काढायचे. त्या रिकाम्या दिवसांत हे काम हाती आलं.

नागपूरचे एक हवाईयन गिटारवादक आपलं जुनं पेडल स्टील घेऊन आले. "भाऊ, याचे फिंगर झिजले. बाहेरून मागवाचं म्हटलं तर परवडत नाही. तुमच्या लेथवर होईन काय?" फिंगर म्हणजे तार ज्याच्या माथ्यावरून जाते तो धातूचा छोटा तुकडा.

हवाईयन गिटार आपल्या कानांना ओळखीची आहे. हवाईयन गिटारवादक व्हॅन शिप्लींच्या तबकड्या एके काळी घरोघरी वाजायच्या. पेडल स्टील त्याच कुळातलं, पण चार पायांवर उभं, खाली पेडल आणि गुडघ्याने ढकलायच्या नी-लिव्हर. अमेरिकेत १९५४ च्या सुमारास बड आयझॅक्स यांनी वाजत्या तारेचा सूर पेडलने चढवून दाखवला आणि कंट्री संगीतात हे वाद्य कायमचं बसलं.

वाद्य उलटं केलं की सगळा खेळ दिसतो. पेडल दाबलं की उभी सळई आडव्या शाफ्टला फिरवते, शाफ्टवरचा बेलक्रँक, म्हणजे शाफ्टबरोबर फिरणारा भोकं असलेला छोटा दांडा, पुल-रॉड ओढतो आणि रॉड फिंगरला कलवतो. जुन्या सायकलच्या सळईच्या ब्रेकसारखीच रचना. फिंगरवरून गेलेली तार तेवढी ताणली जाते. ई नाइन्थ या जुळणीत, म्हणजे तारा सुरात लावायच्या एका पद्धतीत, ई या पाश्चात्त्य सुराला सा धरलं, तर एक पेडल पंचमाचा धैवत करतं, दुसरं गंधाराचा मध्यम. पाय उचलला की सूर निघाला त्याच जागी परत यायला हवा. फिंगर ज्या दांड्यावर फिरतो, त्या अ‍ॅक्सलचं भोक सैल असेल तर येत नाही, घट्ट असेल तर फिंगर अडकतो.

म्हणून आम्ही आधी फिंगर केलाच नाही, जिग केलं, म्हणजे प्रत्येक तुकडा नेमक्या जागी धरून भोकं त्याच ठिकाणी पाडायचा साचा. दहा फिंगर एकाच अ‍ॅक्सलवर शेजारी शेजारी बसतात, तारांमधलं अंतर जेमतेम पावणेनऊ मिलिमीटर. प्रत्येकाच्या जाडीत ०.१ मिलिमीटर जादा राहिलं तरी दहाव्या तारेपर्यंत पूर्ण मिलिमीटर सरकतं. अ‍ॅल्युमिनियमच्या तुकड्याला अ‍ॅक्सलचं भोक पाडून रीमर (भोक अचूक मापाला आणणारं हत्यार) मारायचा, तेच भोक जिगच्या पिनवर बसवायचं आणि बाकीची भोकं कडक केलेल्या बुशमधूनच (ड्रिलला वाट देणाऱ्या नळीतूनच) पाडायची. मग दहाही तुकडे एका मँड्रेलवर (तुकडे ओवायच्या दांड्यावर) आवळून माथ्याची गोलाई लेथवर एकदम काढायची. गोलाई पूर्ण वर्तुळाची नसल्यामुळे टूल दर फेऱ्याला हवेतून येऊन धातूवर आदळतं, तिथे कट हलकाच हवा.

शेवटचं पॉलिश हाताने, तार जाते त्याच दिशेने. ०.०११ इंचाची तिसरी तार सगळ्यात जास्त तुटते, आणि तुटते ती बहुधा याच माथ्यावर. आडवा ओरखडा राहिला तर ती टिकत नाही. आयटीआय करून आलेला आमच्याच गावचा पोरगा हे काम करतो. नखाला ओरखडा लागला तर तो फिंगर पुढे जाऊ देत नाही. मला त्याच्या नखाचा डायल गेज या मापयंत्राइतका भरवसा आहे.

सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणारं मशीन घ्या, असं पुष्कळ जण सुचवतात. दहा-वीस नगांच्या कामाला मला ती गरज वाटत नाही. जिग नीट असेल तर बाबांचा जुना लेथ पुरतो, आणि भारनियमनात वीज गेली तरी पिनवरचा तुकडा जागचा हलत नाही. जिगचा खर्च आम्ही पहिल्याच ऑर्डरला लावतो. तोच भाग पुन्हा मागितला तर फक्त माल आणि मजुरी.

त्या वादकांच्या ओळखीतून पुढची कामं आली. बेलक्रँक आता नियमित होतात. भोक शाफ्टपासून जितकं लांब, तितका रॉड जास्त ओढला जातो, म्हणून पूर्ण स्वर चढवायचा की अर्धा, हे आम्ही आधी विचारून घेतो. सध्या नी-लिव्हरच्या ब्रॅकेटचं जिग चालू आहे. प्रत्येक कारखान्याची मापं वेगळी असल्यामुळे झिजलेला का होईना, मूळ भाग नमुन्याला पाठवावा लागतो; फोटोवरून आम्ही काम धरत नाही.