कोकमाकडनं भोपळ्याकडे : आमची वाटचाल

आज आम्ही लहान पोरांना लाल भोपळ्याशी खेळवतो आणि त्याचे घारगे करायला बसवतो, पण आमचा मूळ धंदा कोकमाचा. मालवण तालुक्यात खाडीला लागून घर, मागे थोडी रतांब्याची म्हणजे कोकमाच्या फळाची झाडं. एप्रिल-मे मध्ये रतांबे फोडायचे, सोलं वाळवायची, आगळ (खारवलेला रस) काढायचं, अमृत कोकम करायचं आणि एकदा मिरगाचा पाऊस लागला की सगळं बंद, मग दिवाळीपर्यंत बाटल्या पुसत बसायचं. दोन महिन्याच्या कमाईवर वर्ष काढणं कोकणात काय नवीन नाही, आंबेवाले पण तेच करतात, पण आमच्याकडे कलमांची बाग नव्हती आणि दोन पोरं शाळेत होती. म्हणून घरातल्या दोन खोल्या रंगवून न्याहारी-निवास सुरू केलं.

पाहुणे यायचे ते तारकर्लीला स्कुबा करायला आणि किल्ला बघायला. मोठी माणसं सुरमईवर खूश, पण बरोबरची लहान पोरं मॅगी सोडून कशाला हात लावायची नाहीत. सासूबाई हौसेने भोपळ्याचे घारगे करायच्या आणि "हे काय आहे?" "भोपळा आहे बाळा" एवढं बोलणं झालं की ताट पुढे सरकवलं जायचं. एक दिवस सासूबाई मला म्हणाल्या, "पोरांका ताटात वाढलंस तर खावची नाय, हातात पीठ दी, मगे बघ." पडवीत चटई टाकून चार पोरांना बसवलं, प्रत्येकाला पिठाचा एकेक गोळा आणि खाली केळीच्या पानाचा तुकडा. आमचा खरा धंदा त्या चटईवर सुरू झाला असं म्हणायला हरकत नाही.

घारग्याचं पीठ पोरांच्या हाताला एकदम बरं. भोपळा किसून गुळाबरोबर शिजवायचा, त्याचंच पाणी सुटतं, त्यात मावेल तेवढी तांदळाची पिठी आणि थोडी कणीक, चिमूटभर मीठ, वेलची, वरनं पाण्याचा थेंब नाही. त्यामुळे ते फार चिकटत नाही आणि थापला की आकार धरून राहतो. सुरुवातीला आम्ही प्रत्येकाला मधे अंगठ्याचा ठसा उमटवायला सांगायचो म्हणजे आपला घारगा ओळखता येईल, पण तेलात पडला की तो फुगतो आणि ठसा गायब, मग "माझा कुठला माझा कुठला" म्हणून रडारड. आता कडेला चिमटा काढायला सांगतो, कोणाचे दोन चिमटे, कोणाचे तीन, कोणाचा नुसता कानच. तळायचं काम मोठ्यांचं, चूल अंगणाच्या पलीकडच्या टोकाला आणि मधे सुंभ बांधलेलं, ते ओलांडायचं नाही. आणि स्वतःचा चिमटेवाला घारगा दुसऱ्याला देणारं पोर मी अजून बघितलेलं नाही, आई मागते तर आईलाही अर्धाच.

पाहुण्यांनी मुंबई-पुण्याला जाऊन सांगितलं, इकडे गावात आमच्या अंगणवाडीच्या ताईंनी ऐकलं आणि त्या पोरं घेऊन आल्या, त्यांच्याकडनं आजही पैसे घेत नाही. मग कुडाळ-सावंतवाडीकडच्या शाळांच्या बालवाड्या यायला लागल्या तेव्हा मात्र सगळं रीतसर केलं. उद्यम नोंदणी ऑनलाइन आणि फुकट झाली, अन्न सुरक्षेची छोट्या धंद्याची नोंदणी वर्षाला १०० रुपयांत. ह्यात घाबरण्यासारखं काही नाही, आपल्याकडच्या बायका उगाच एजंटला पैसे देतात म्हणून मुद्दाम लिहिलं.

लोक विचारतात एकच भाजी का, कार्यक्रमात पालक गाजर बीट पण घ्या ना. नाही घेत. भोपळ्यात जेवढा खेळ आहे तेवढा दुसऱ्या कुठल्या भाजीत नाही. आधी तो उचलून बघायचा, दोघांनी मिळून, मग टकटक करून ऐकायचा. मग प्रश्न, हा एवढा जड, पाण्यात टाकला तर काय होईल? सगळी पोरं एका सुरात "बुडेल!" म्हणतात. मोठ्या टोपात टाकला की तरंगतो, कारण आत पोकळी. हे बघून बरोबर आलेल्या आजोबांचं ठरलेलं, आम्ही पाठीला सुका भोपळा बांधूनच विहिरीत पोहायला शिकलो. तो वेगळा, कडू दुध्याचा, पण त्यावर दहा मिनटं जातात आणि पोरांचे डोळे मोठे होतात ते वेगळंच.

मग मी कापते आणि आत हात घालायचा. इथे दोन गट पडतात, कोपरापर्यंत घालणारे आणि "ई" करून मागे सरकणारे, मागे सरकणाऱ्यांना आम्ही ओढत नाही, त्यांना बिया धुवायला देतो, पाच मिनटांनी तेच गर पिळत असतात. बिया मोजायच्या, वाळवायच्या आणि दोन-दोन बिया करवंटीत मातीत लावून घरी न्यायच्या. मात्र चार वर्षाच्या आतल्यांच्या हातात बी असेल तर एक मोठं माणूस शेजारी पाहिजेच, तोंडात टाकली तर घशात अडकू शकते.

वेलाचं काम वेगळं, त्यासाठी सकाळीच यावं लागतं कारण फुलं पहाटे उमलतात आणि दुपारपर्यंत मिटतात. नर फूल लांब देठाचं, मादी फुलाच्या खाली इवलासा भोपळा आधीच असतो, तो शोधायचा. भर पावसात मधमाश्या बाहेर पडत नाहीत, मग नर फूल तोडून मादी फुलात फिरवायचं. पोरं त्याला भोपळ्याचं लग्न म्हणतात आणि अक्षता पण टाकतात. उरलेल्या नर फुलांची भजी. आणि कोवळ्या भोपळ्यावर नखाने आपलं नाव कोरायचं, भोपळा वाढतो तसं नावही रुंद होत जातं, खपली धरून उठून दिसतं. आमच्या मांडवावर एकाने "ओम" कोरलेलं, नवरात्रात तो भोपळा न्यायला आला तर नाव त्याच्या तळहाताएवढं झालेलं.

पालकांशी बोलणं जास्त अवघड. "इथे खाल्लं, घरी जाऊन परत खात नाही" ही नेहमीची तक्रार. अहो, दोन ते सहा वर्षाची पोरं नवीन चवीला नाही म्हणतातच, तो वयाचाच भाग आहे, आठ-दहा वेळा तरी समोर यावं लागतं तेव्हा कुठे तोंडात जातं. भोपळ्यात गाजरासारखंच बीटा कॅरोटीन असतं, शरीर त्याचं अ जीवनसत्त्व करतं आणि त्याला थोडं तूपतेल लागतं हे आम्ही मोठ्यांना सांगतो. पोरांसमोर मात्र जीवनसत्त्वाचं नाव काढायचं नाही हा नियम, ते ऐकलं की त्यांना औषधाचा वास येतो.

ऑक्टोबरात शहरातनं फोन येतात, हॅलोविनसारखं तोंड कोरून मिळेल का. नाही सांगतो, आपल्या भोपळ्याचा गर जाड, अर्धी भाजी वाया जाते. ह्यावर एक पालक म्हणाले बरं झालं, परदेशी थेरं नकोतच. मी म्हटलं, भोपळापण मूळचा अमेरिकेतलाच हो, कोलंबसानंतर इकडे आला आणि आता आमच्या ऋषीच्या भाजीत मानाने बसतो. आणि हॅलोविनला आयर्लंडमध्ये आधी सलगम कोरायचे, तिथली माणसं अमेरिकेत गेल्यावर त्यांच्या हाताला भोपळा लागला. ते काही बोलले नाहीत, पण पोराला करवंटी घेऊन गेले.

पैशाचं सांगायचं तर एका मुलामागे दीडशे रुपये घेतो, घारगे आणि करवंटी त्यातच. एका शाळेने तीन बसभर पोरं आणली आणि बिल वर्षभर लटकवलं, तेव्हापासून अर्धे आगाऊ घेतल्याशिवाय तारीख देत नाही. भोपळा पुरवणं सोपं आहे, पावसाळी वेल गणपती-नवरात्राला देतो, भात कापल्यावर मळ्यात लावलेला मार्च-एप्रिलला तयार होतो, कमी पडला तर वाडीतल्या बायकांकडनं घेतो आणि बाजारापेक्षा दोन रुपये जास्त देतो. देठासकट काढलेला भोपळा माच्यावर महिनोनमहिने टिकतो त्यामुळे मे महिन्याच्या पाहुण्यांनाही पुरतो. त्याच सुट्टीत पडवीच्या एका बाजूला रतांबे फोडणं चालू असतं, तेही पोरांना हवंच असतं, कपडे लाल होतात हे आईबापांना आधी सांगून ठेवतो.

आता घरपोच पेटी सुरू केलीय. आख्खा भोपळा कुरिअरने पाठवायचा म्हणजे भाड्यातच धंदा बुडेल, म्हणून पेटीत बिया, करवंट्या, पिठाची पुडी, गूळ आणि चिमटा कसा काढायचा त्याची चित्रं. भोपळा तुमच्या बाजारातनं घ्या, देठ वाळलेला बघा, सालीत नख रुतलं तर कोवळा आहे, घेऊ नका, परत ठेवून द्या. कापलेली फोड घेऊ नका, तरंगवायचं काय मग.