राडोमच्या दप्तरखान्यात : सरकारी वकिलांच्या फाइलींतलं ज्यूंचं जग

जिल्हा न्यायालयात सरकारी वकील म्हणून माझी सव्वीस वर्षं गेली. त्यामुळे पोलंडमधल्या राडोम शहरात पहिली फाइल उघडली तेव्हा भाषा परकी असूनही कागद ओळखीचे वाटले. फिर्याद, ठाण्याचा अहवाल, जागेचा पंचनामा, साक्षीदारांचे जबाब आणि शेवटी सरकारी वकिलाचा टंकलिखित आदेश : आरोपी निष्पन्न झाले नाहीत, तपास बंद. आपल्याकडे याला 'अ समरी' म्हणतात, पोलिशमध्ये 'उमोझेन्ये'. हा शब्द आधी शिकून घ्या. या प्रवासात मला जे मोलाचं सापडलं ते जवळपास सगळं याच शब्दाखाली होतं.

मी इथे का आले, हे थोडक्यात सांगते. माझं बालपण अलिबागचं. इस्रायल आळीतलं सिनेगॉग, शनिवारी बंद राहणारी घरं, आमच्या वर्गातल्या '-कर' आडनावाच्या बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या ज्यू, मुली, हे सगळं इतकं नेहमीचं होतं की ज्यू असण्यामुळे कुणाचं दुकान फोडलं जाऊ शकतं ही गोष्ट मला फार उशिरा, पुस्तकांतून कळली. निवृत्तीनंतर दोन महायुद्धांमधल्या पोलंडबद्दल वाचू लागले. १९३१च्या जनगणनेनुसार त्या देशात ३१ लाखांवर ज्यू होते, दर दहा माणसांत जवळजवळ एक. त्यांच्याविषयीची बरीचशी पुस्तकं शेवटाकडे, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातल्या नाझी संहाराकडे धावतात. त्याआधीचा साधा मंगळवार कसा होता, कोण कुणाला उधार देत होतं, बाजारात कोण कुणाशेजारी बसत होतं, हे मला पाहायचं होतं. आणि माणसाचा साधा मंगळवार फौजदारी फाइलीत जितका नोंदला जातो तितका दुसरीकडे क्वचितच, हे मला माझ्या नोकरीनं शिकवलं होतं.

वॉर्साऐवजी राडोम का? १९४४च्या उठावानंतर जर्मनांनी वॉर्सा पद्धतशीर जाळलं, त्यात शहरातले दप्तरखानेही गेले. म्हणून या कामासाठी जिल्ह्याची गावं धरावीत : राडोम, लुब्लिन, क्येल्त्से, क्राकोव. जिल्हा न्यायालय, म्हणजे 'सोंद ओक्रेंगोवी', आणि त्याला जोडलेल्या सरकारी वकिलाचं दप्तर या दोन नावांनी शोध घ्यायचा. 'शुकाय व आर्खिवाख' नावाचं सरकारी संकेतस्थळ आहे, त्यावर देशभरातल्या राज्य दप्तरखान्यांच्या याद्या पाहता येतात. संग्रहाला तिथे 'झेस्पूव' म्हणतात आणि फाइलीच्या क्रमांकाला 'सिग्नातुरा'. हे दोन तपशील हातात नसतील तर टेबलापलीकडच्या माणसाला मदत करायची इच्छा असूनही काही करता येत नाही. मी दोन आठवडे आधी, ओळखीच्या एका विद्यार्थिनीकडून पोलिशमध्ये ईमेल लिहून घेतला, वीस क्रमांक दिले आणि तारीख कळवली. पोचले तेव्हा फाइली काढून ठेवलेल्या होत्या.

जूनमध्ये जाणार असाल तर कॅलेंडर नीट पाहा. ईस्टरनंतर साठाव्या दिवशी, गुरुवारी, कॉर्पस क्रिस्तीचा सण येतो. देशभर सुट्टी असते, आणि पुष्कळ लोक शुक्रवारही जोडून घेतात. माझ्या पाच दिवसांतले दोन असेच गेले. दिवस मात्र लांब असतात, रात्री नऊपर्यंत उजेड. वॉर्साहून राडोम साधारण शंभर किलोमीटर, ट्रेन सोयीची आहे. दप्तरखाना जुन्या चौकात, एकेकाळच्या नगरपालिकेच्या इमारतीत आहे, तरी निघण्याआधी पत्ता आणि वेळा संकेतस्थळावर पुन्हा पाहून घ्या. वाचनाला पैसे पडत नाहीत, एक अर्ज भरावा लागतो. स्वतःच्या कॅमेऱ्यानं फोटो काढता येतात, फ्लॅश नको. शाकाहारी माणसाने 'बार म्लेच्नी' शोधावा, म्हणजे साधी स्वस्त खाणावळ, आणि बटाटा-चीजचे पिएरोगी, म्हणजे उकडलेल्या करंज्या, मागावेत. वर चरबीत परतलेला कांदा नको, हे आधीच सांगावं लागतं.

आता फाइलींबद्दल.

पोलंड १९१८ साली पुन्हा उभा राहिला तेव्हा तो तीन साम्राज्यांतून जोडलेला देश होता, आणि फौजदारी कायदेही तीन होते. राडोम-लुब्लिनकडे रशियन, क्राकोवकडे ऑस्ट्रियन, पोझनानकडे जर्मन. सगळ्यांसाठी एकच दंडसंहिता १ सप्टेंबर १९३२ला लागू झाली. याचा व्यवहारातला अर्थ असा की १९३२च्या आधीच्या फाइलींत कलमांचे आकडे वेगळे, नंतरच्या वेगळे. नंतरच्या फाइलींसाठी मी एक चिठ्ठी वहीला टाचून ठेवली होती : १५२ म्हणजे पोलिश राष्ट्राचा अपमान, १६३ म्हणजे जमावाने केलेली हिंसा, १७० म्हणजे खळबळ माजवणाऱ्या खोट्या बातम्या, १७२ आणि १७३ म्हणजे धर्माशी संबंधित अपराध, ९७ म्हणजे राज्याविरुद्ध कट, जे बहुतेक कम्युनिस्टांवर लागे. कव्हरवरचा आकडा पाहिला की आत काय असेल याचा अंदाज येऊ लागतो.

एका फाइलीपाशी मी जवळजवळ अख्खा दिवस थांबले. प्रकरण किरकोळच. बाजाराच्या दिवशी काही तरुण एका ज्यू कापडवाल्याच्या दुकानापुढे उभे राहून शेतकऱ्यांना आत जाऊ देत नव्हते. संध्याकाळी काच फुटली. जबाबाच्या वर छापील रकाने : नाव, वय, धंदा, धर्म. धर्मापुढे 'मोझेसचा', तिकडच्या सरकारी भाषेत ज्यूंसाठी हाच शब्द. पुढे साडेतीन पानं सफाईदार पोलिश. आणि तळाशी सही हिब्रू लिपीत, उजवीकडून डावीकडे, शाई एका जागी पसरलेली. मी तिथे किती तरी वेळ पाहत बसले. माझ्या आजोबांच्या काळच्या दस्तांवर बाळबोध मजकुराखाली मोडी सही असायची, तसं.

ती सही काय सांगते? हा माणूस रोज यिद्दिश, म्हणजे हिब्रू लिपीत लिहिली जाणारी तिकडच्या ज्यूंची भाषा, बोलत असावा. मग वरचं सफाईदार पोलिश कुणाचं? जबाब लिहून घेणाऱ्या पोलिसाचं. 'समक्ष विचारल्यावरून जबाब देतो की…' ही सुरुवात मी आयुष्यात हजारो वेळा वाचली आहे आणि त्यापुढची मराठी साक्षीदाराची कधीच नव्हती, हे मला ठाऊक आहे. म्हणून पुढे येणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं : जबाबातली वाक्यं त्या माणसाचे शब्द म्हणून उद्धृत करू नका. त्यातले तपशील घ्या. दुकान किती वाजता उघडलं, कुठल्या गावचं गिऱ्हाईक होतं, शेजारच्या दुकानाचा मालक कोण, काच कितीची. लिहिणाऱ्याला जे बिनमहत्त्वाचं वाटलं ते त्याने वाकवलेलं नसतं.

त्या कापडवाल्याच्या बाजूने दोन ख्रिस्ती शेतकऱ्यांचेही जबाब आहेत. त्यांना तिथूनच कापड घ्यायचं होतं, असं ते म्हणतात. पोरांची नावंही त्यांनी सांगितली आहेत. तरीही शेवटचा आदेश 'आरोपी निष्पन्न झाले नाहीत'. असा आदेश कधी प्रामाणिक असतो आणि कधी नसतो, हे ओळखायला मला कागद पुरेसे झाले. रागाने हात थरथरला. पण त्याच वेळी हेही दिसलं की त्या माणसाने फिर्याद दिली होती. १९३६-३७ साली, ज्यूंच्या दुकानांवरच्या बहिष्काराच्या ऐन भरात, तो आपणहून ठाण्यात गेला, कारण कायदा आपलाही आहे असं त्याला वाटत होतं. अशा फिर्यादी एक-दोन नाहीत, मी पाहिलेल्या वीस फाइलींपैकी अकरांची सुरुवात ज्यू फिर्यादीने होते. मुकाट सोसणारा समाज ही प्रतिमा या कागदांपुढे टिकत नाही.

कलम १५२च्या फाइली उलट्या बाजूने बोलतात. इथे आरोपी ज्यू. भाव करताना शब्दाला शब्द वाढला आणि कुणी तरी जाऊन सांगितलं की हा पोलिश राष्ट्राला शिव्या देत होता. इथे तक्रारदाराचा धंदा जरूर पाहावा. ९७च्या फाइलींत जप्त केलेली पत्रकं, पत्रं, फोटो शिवलेले असतात, यिद्दिश मूळ आणि शेजारी पोलिश भाषांतर. तरुण पोरापोरींचं जग पाहायला त्या सुंदर आहेत, पण प्रत्येक ज्यूत कम्युनिस्ट शोधणारी पोलिसी नजरही त्यात भरलेली आहे. आणि १ जानेवारी १९३७पासून ज्यू धार्मिक पद्धतीने होणाऱ्या जनावरांच्या कत्तलीवर सरकारने मर्यादा घातल्यावर चोरून केलेल्या कत्तलीचे गुन्हे येऊ लागतात. त्यांच्या पंचनाम्यांत स्वयंपाकघरं आहेत, भाव आहेत, कुणाच्या परसात काय होतं ते आहे.

नावांचा गोंधळ होणार, तयारी ठेवा. एकच माणूस एका कागदावर मोशेक, दुसऱ्यावर मोशे. कित्येक लग्नं फक्त धार्मिक विधीने झालेली, सरकारी नोंद नाही, म्हणून मुलांना आईचं आडनाव आणि बापाचंही, मध्ये 'वेल', म्हणजे 'उर्फ', हा शब्द. यादी करताना दोन्ही आडनावं लिहा.

राडोमहून लुब्लिनलाही एक दिवस गेले. दप्तरखाना जुन्या शहरात येझुइत्स्का रस्त्यावर आहे. तिथून ग्रोद्स्का वेस पायी पाच-सात मिनिटांवर. पूर्वी ख्रिस्ती शहर आणि ज्यू वस्ती यांमधला हा दरवाजा. आत आता एक संस्था युद्धापूर्वीच्या लुब्लिनच्या प्रत्येक ज्यू रहिवाशाच्या नावे एक फाइल ठेवते, सुमारे ४३ हजार. पुष्कळ फाइली रिकाम्या आहेत. दप्तरखान्यातून बाहेर पडून थेट तिथे जा, मध्ये दुसरं काही पाहू नका.

शेवटचा दिवस प्शितिकसाठी राखला होता. राडोमच्या पश्चिमेला वीसेक किलोमीटर, राडोम्का नदीकाठचं लहान गाव. ९ मार्च १९३६, सोमवार, बाजाराचा दिवस. बहिष्कारावरून सुरू झालेली मारामारी वाढत गेली. स्तानिस्वाव व्येश्न्याक नावाचा शेतकरी गोळी लागून मेला. मग जमावाने ज्यूंची घरं फोडली, चांभार योसेक मिन्कोव्स्की आणि त्याची बायको खाया यांना ठार केलं. २ जूनला राडोममध्ये खटला सुरू झाला, ४३ पोल आणि १४ ज्यू आरोपींच्या पिंजऱ्यात. तो चालू असतानाच, ४ जूनला, पंतप्रधान स्क्वाद्कोव्स्की संसदेत म्हणाले की ज्यूंशी आर्थिक लढा असेल तर जरूर, पण इजा नको. २६ जूनला निकाल लागला. व्येश्न्याकवर गोळी झाडणाऱ्या शोलेम लेस्कोला आठ वर्षं. मिन्कोव्स्की दांपत्याच्या खुनाचे आरोपी पुराव्याअभावी सुटले.

या खटल्यावर पुष्कळ लिहून झालं आहे. पहिल्यांदा जाणाऱ्याने थेट त्याच्याच मागे लागू नये. आधी आसपासच्या गावांतल्या बारक्या फाइली वाचाव्यात, फुटलेल्या काचांच्या, हिसकलेल्या टोपल्यांच्या. मग प्शितिकची ती सोमवारची दुपार अचानक कोसळलेली वाटत नाही.

आज त्या भागात भोपळी मिरचीची शेती आहे, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पांढऱ्या प्लास्टिकचे बोगदे. चौकात मी वही काढली. एका जबाबात बाजाराची मांडणी उतरवलेली होती, ती मी नकलून आणली होती : विहिरीकडून येताना आधी टोपीवाला, मग कातडी, मग सुया-दोरे विकणारी विधवा. मी एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे चालत गेले आणि यादी मराठीत मोठ्याने वाचली. बाकावर बसलेल्या एका आजींनी विचारलं, कुणाला शोधताय? फोनवरच्या भाषांतराच्या मदतीने मी सांगितलं. त्यांनी काठीने एका कोपऱ्याकडे दाखवलं आणि म्हणाल्या, आई सांगायची, टोप्या तिथे मिळायच्या.

परतीच्या बसची वेळ उतरल्याबरोबर पाहून ठेवा, दुपारनंतर गाड्या कमी असतात.