फांदीवरचा दुष्काळ

लेकीकडे सिंगापूरला गेले, तेव्हा पहिल्या खेपेला पूल पाहायला मिळालाच नाही. मॅकरिची जलाशयाच्या रानात शेंड्यांच्या उंचीवरून जाणारा झुलता पूल आहे. पाऊस सुरू झाला की तो बंद ठेवतात. आम्ही वाटेवर असतानाच आभाळ फाटले आणि परत फिरावे लागले. लेक हिरमुसली. मी मात्र परभणी जिल्ह्यात जन्म काढलेली बाई; पावसाने कुठला बेत मोडला म्हणून वाईट वाटून घेण्याची सवय मला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा निघालो.

हा पूल 2004 साली खुला झाला. बुकित पीअर्स आणि बुकित कलांग या दोन टेकड्यांना तो जोडतो. लांबी 250 मीटर आणि सर्वांत खोल जागी खालच्या जमिनीपासून उंची 25 मीटर, म्हणजे सात-आठ मजली इमारतीएवढी. रुंदी इतकी कमी, की माणसांनी एकामागे एकच चालावे, आणि तेही एकाच दिशेने. घानातल्या काकुम राष्ट्रीय उद्यानात असाच सात पुलांचा मार्ग 1995 पासून आहे, मलेशियातही असे पूल आहेत. पण वयाच्या साठीत, गुडघे सांभाळत, सार्वजनिक बसने उतरून जिथवर चालत जाता येईल असा माझ्यासाठी हा एकच होता.

पुलापर्यंतची वाट रानातून जाते. आदल्या संध्याकाळच्या पावसाने ती निसरडी झाली होती, पाचोळ्याला कुबट वास सुटला होता, आणि अंधार इतका, की सकाळचे दहा वाजलेत हे घड्याळात पाहून पटावे. आपल्याकडे किनवटच्या सागवानी रानात माघ-फाल्गुनात पानगळ झाली की जमिनीवर लख्ख ऊन पडते. इथे बाराही महिने वरचे छत मिटलेले. मान वर करून पाहिले तरी बुंधे दिसतात, झाड दिसत नाही. मी तीस वर्षे शाळेत विज्ञान शिकवले; जंगलाचे थर फळ्यावर काढून दाखवले. पण वरचा थर हा माझ्यासाठी त्या आकृतीतली एक रेघच होता.

पुलावर दहा-पंधरा पावले टाकली आणि तोंडावर ऊन आले. पहिल्यांदा लक्षात आली ती उंची नव्हे, कोरडेपणा. चपलांना खालचा चिखल लागलेला होता, आणि हाताच्या अंतरावरची फांदी मात्र खडखडीत वाळलेली. साल तडकलेली, वारा चालू, पाने उन्हात चकाकणारी. जवळून पाहिली तर ती खालच्या झुडपांच्या पानांपेक्षा लहान, जाड आणि मेणचट होती. अशी पाने मला ओळखीची आहेत. कमी पाण्यात जगणाऱ्या झाडांची ती पाने.

त्या क्षणी जे उमगले, ते सांगण्यासाठीच हे लिहिते आहे. सिंगापुरात वर्षाला सुमारे 2,400 मिलिमीटर पाऊस पडतो, आमच्याकडे चांगल्या वर्षी आठ-नऊशे. पण फांदीवर उगवलेल्या वनस्पतीला जमीन नसते, विहीर नसते, बोअर नसते. पाऊस कितीही पडो, सालीवरून तो घटकाभरात निथळून जातो. मग पुढची सर येईपर्यंत तिच्यापुरता दुष्काळ. जगातल्या सर्वांत ओल्या रानांच्या डोक्यावर दुष्काळात जगणाऱ्या वनस्पतींची वस्ती आहे, आणि ती वस्ती तगून राहते ती पाणी साठवण्याच्या युक्तीवर.

पुलाच्या मध्यावर एका फांदीच्या बेचक्यात एक नेचा, म्हणजे फर्न, होता. इंग्रजीत त्याला पक्ष्याच्या घरट्याचे नाव आहे. हातभर लांब, अखंड पाने गोलाकार उभी राहून त्यांची टोपली झालेली. वरून पाहता येत होते म्हणून टोपलीच्या आत काय आहे ते दिसले: वाळकी पाने, काटक्या, एक कुजके फूल, आणि तळाशी काळपट भुसभुशीत खत. वरून गळणारा पाचोळा हा नेचा झेलतो, तो कुजवतो आणि त्याच खतात आपली मुळे पसरतो. मुळांचा तो गड्डा स्पंजासारखा पाणी धरतो. उकिरड्याची किंमत जाणणाऱ्या शेतकऱ्याला हे चटकन कळेल. बोर्निओ बेटावरच्या डानम खोऱ्यात संशोधकांनी अशा नेच्यांचे गड्डे उतरवून तपासले होते. मोठ्या नेच्याचे ओले वजन 200 किलोपर्यंत भरले, आणि आतल्या किडा-मुंगीचा हिशेब धरल्यावर झाडांच्या शेंड्यांवरील अशा जिवांच्या एकूण वजनाचा अंदाज दुप्पट करावा लागला. तो निबंध प्रसिद्ध झाला 2004 साली, पूल उघडला त्याच वर्षी.

मी तिथे जरा जास्तच थांबले. "आई, चल पुढे, मागे लोक खोळंबलेत," असे लेक दोनदा म्हणाली. पूल हलत होता आणि मी कठडा घट्ट धरून त्या टोपलीत पाहत होते.

आपल्याकडे झाडावर उगवलेल्या सगळ्याला एकच नाव आहे: बांडगूळ. माणसालाही शिवी द्यायची तर तोच शब्द. माझे वडील आमराईत बांडगूळ दिसले की गड्याला आकडी घेऊन वर चढवत, आणि ते योग्यच होते, कारण खरे बांडगूळ फांदीत मूळ खुपसते, तिथे गाठ येते आणि फांदीचे पाणी ते पळवते. पण हा नेचा झाडाचे काही घेत नाही. त्याला फक्त बसायला जागा हवी असते. उलट, भारतातून गेलेल्या वडिलांची लेक असलेल्या नलिनी नाडकर्णी या अमेरिकी संशोधिकेने, गिर्यारोहकांच्या दोरांनी झाडांवर चढून, 1981 साली दाखवून दिले की काही झाडे आपल्या फांद्यांतूनच मुळे फोडतात आणि पाहुण्यांनी वर जमवलेल्या मातीतून अन्न घेतात. म्हणजे पाहुण्याने जमवलेले यजमानाच्याही पोटात जाते. हे मला शाळेत असताना ठाऊक असते तर बांडगुळाचा धडा मी वेगळा शिकवला असता, याची खंत वाटते.

परतीच्या रस्त्यावर पर्जन्यवृक्ष होते. तोच छत्रीसारखा, मूळचा अमेरिका खंडातला वृक्ष आपल्याही गावांतून रस्त्याकडेला उभा आहे. पण आपल्याकडे त्याच्या फांद्या उघड्या असतात आणि तिथे त्यांवर नेच्यांची, आमरींची म्हणजे ऑर्किडची दाटी. त्यांत उडत्या कबुतरासारख्या दिसणाऱ्या पांढऱ्या फुलांची एक आमरी असते. पावसाने हवा एकदम गार झाली की बरोबर नऊ दिवसांनी ती फुलते, साऱ्या परिसरात एकदम, आणि एका दिवसात कोमेजते. मला ती फुललेली पाहायला मिळाली नाही. सिंगापूरचे राष्ट्रीय फूलही आमरीच आहे, व्हँडा मिस जोआकिम. 1981 साली त्याची निवड झाली. त्यातला 'व्हँडा' हा शब्द संस्कृतातल्या 'वन्दा'वरून घेतलेला आहे, आणि आपल्याकडे झाडांवर उगवणारा बांदा तो हाच.

हे रान टिकले कसे, तेही सांगायला हवे. एकोणिसाव्या शतकात गंबीर या कातडी कमावायला लागणाऱ्या झुडपाच्या आणि मिरीच्या लागवडीसाठी त्या बेटावरचे बहुतेक जंगल तोडले गेले. 1868 मध्ये मॅकरिची हा शहराचा पहिला जलाशय झाला आणि त्याच्या पाणलोटातली झाडे पाण्यासाठी राखली गेली. शहराला तहान होती म्हणून रान राहिले. 2016 साली लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले, ते दिवस ज्यांनी पाहिले आहेत त्यांना या एका वाक्यावर थांबावेसे वाटेल.

परत आल्यावर गावी गेले. आमराईतल्या जुन्या गोटी आंब्यावर, बुंध्यापासून दोन पुरुष उंचीवर, एक बांदा आहे. लहानपणापासून आम्ही त्याला बांडगूळच म्हणत आलो. उंच फांदीआड होता म्हणून आकडीतून वाचला असावा. सालगड्याला शिडी धरायला लावली आणि वर चढले. पट्ट्यासारखी जाड पाने, फांदीवर कुठेही गाठ नाही. बोटाएवढी मुळे सालीला नुसती चिकटलेली, पांढरीफटक, जणू मेलेली. ते पांढरे म्हणजे पाणी टिपणारे आवरण असते. शिवाय यातल्या कितीतरी आमरी कोरफडीसारख्या दिवसा पानांची रंध्रे मिटून रात्री उघडतात, ओल वाचावी म्हणून. चैत्राचे ऊन होते. मी पदराला बांधून नेलेल्या बाटलीतले पाणी मुळांवर थोडेथोडे सोडले. खालून गडी विचारत होता, "काय करू लागल्या बाई?" माझे उत्तर येईपर्यंत ती मुळे हिरवी झाली होती.